विंडसर्फिंगचं शीड लावताना: तेच ते प्रश्न

फेब्रुवारी उजाडला, दुपारचा खारा वारा धरायला लागला की मला तेच प्रश्न येतात. परत एकदा सांगतो.

बूम (हातात धरायची आडवी कमान) किती उंच लावायचा?
खांदा ते हनुवटीच्या मध्ये, तेही बोर्डवर उभं राहून बघायचं, वाळूत नाही.

मास्टचे (शीड उभं धरणाऱ्या काठीचे) दोन तुकडे एकमेकांत अडकलेत.
वाळू गेलीय. जोडायच्या आधी धुऊन पुसत जा. आता दोघांनी दोन टोकं धरून उलटसुलट पिळत ओढा, हातोडी लावू नका. नाही सुटलं तर घेऊन या.

वरच्या टोकाला कापड ढिलं पडतंय. मित्र म्हणतो डाउनहॉल (शीड मास्टवर खाली ताणणारी दोरी) जास्त झाला, सोड थोडा. सोडू का?
अजिबात नाही! हा मित्र बहुतेक प्रत्येक गावात आहे. होडीचं शीड बघितलेल्या माणसाला सुरकुती दिसली की हात शिवशिवतात, पण हे शीड वेगळं. डाउनहॉल ओढला की मास्ट वाकतो, मागची कड वरच्या बाजूला सैल होते, आणि झोत आला की ते टोक उघडून वारा सोडून देतं. ते ढिलं नसेल तर तो सगळा झोत तुमच्या हातात येतो, ओढ मागे सरकते, मग म्हणायचं शीड फार मोठं पडलं. वाळूवर आडवं ठेवल्यावर वरच्या दोन-तीन बॅटनमधलं (शिडातल्या आडव्या पट्ट्यांमधलं) कापड लुळं दिसलं पाहिजे, किती आत ते शिडागणिक वेगळं. शिडावर लफ (पुढच्या कडेची लांबी, सेंटिमीटरमध्ये) 430 छापलंय आणि मास्ट 400 आहे तर एक्सटेन्शन (मास्टच्या खाली लांबी वाढवणारा तुकडा) 30 ला लावा, अंदाजपंचे नको. नुसत्या हाताने होत नाही, पाय मास्टच्या बुडाला टेकवून एखाद्या छोट्या दांड्याला दोरी गुंडाळून ओढा, आणि त्याआधी पुलीत दोरी एकमेकीवर चढली नाहीये ना ते बघा, कारण तशी चढली की अर्धा तास ओढून घाम निघतो, ताण काही येत नाही. आउटहॉल (शीड बूमच्या मागच्या टोकाकडे ताणणारी दोरी) नंतर, आणि तो थोडाच. उतरवताना उलटं, आधी आउटहॉल सोडा. तरी शंका असेल तर पाण्यात जायच्या आधी फोटो पाठवा, नंतर नको.

विक्रेता म्हणतो शंभर टक्के कार्बन मास्ट घेतला की जुनं शीड नव्यासारखं चालेल.
त्याला मास्ट विकायचाय. कार्बनने वजन कमी होतं, पण मास्टचा बाक शिडाला जुळला नाही तर महागडा मास्टही वायाच. शिडावरचा लेबल बघा, कुठला मास्ट चालतो ते तिथेच लिहिलेलं असतं. पैसे द्यायच्या आधी विचारा.

यूजेच्या (युनिव्हर्सल जॉइंट, म्हणजे मास्ट बोर्डला जोडणारा लवचिक सांधा) रबराला बारीक चीर आहे. हा सीझन निघेल का?
नाही. आजच बदला. मीही एकदा तारकर्लीला "मे नंतर बघू" म्हटलं होतं. सकाळचा मतलई वारा होता, तो किनाऱ्यावरून समुद्राकडे वाहतो, आणि रबर तुटलं तेव्हा बोर्ड एकीकडे नि शीड एकीकडे. मच्छीमारांची होडी आली म्हणून परतलो. चीर दिसत नसली तरी जॉइंट दोन्ही बाजूंना पूर्ण वाकवून उजेडात बघा, आणि सकाळी एकटे जाऊच नका.