भावाच्या मोबाईलमधले मेसेज आणि कलम ४६

प्रश्न : माझा धाकटा भाऊ लष्करात हवालदार आहे, १३ वर्षं नोकरी झाली. तो समलिंगी आहे हे घरात फक्त मला माहीत होतं. त्याचे एका सिव्हिलियन मित्राबरोबरचे मेसेज युनिटमध्ये कुणीतरी वाचले. आता कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे लष्कराची अंतर्गत चौकशी, बसली आहे, आणि ‘स्वतःहून डिस्चार्ज माग, प्रकरण मिटेल’ असं त्याला सांगतायत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ तर गेलं ना? कायदा बदला म्हणून मी खासदारांना लिहिलं तर त्याला त्रास होईल का?
– एक बहीण, जि. सातारा

उत्तर : ताई, आधी भावाला फोन करा. डिस्चार्जच्या अर्जावर सही करू नकोस, एवढंच सांगा. पेन्शनला १५ वर्षं लागतात, त्याची दोन राहिलीयत. अर्जात ‘स्वतःच्या विनंतीवरून’ असे शब्द असतात आणि पुढे दबाव होता हे सिद्ध करताना वकिलाच्या तोंडाला फेस येतो. मेसेजही पुसायचे नाहीत.

३७७ गेलं हे खरं. ६ सप्टेंबर २०१८ ला नवतेजसिंग जोहर खटल्यात सुप्रीम कोर्टाने प्रौढांचे संमतीचे संबंध गुन्ह्यातून बाहेर काढले आणि दंड संहितेच्या जागी १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही. पण वर्दी चढवली की आर्मी ॲक्ट, १९५० लागतो. त्यातल्या कलम ४६(अ) मध्ये ‘क्रूर, असभ्य किंवा अनैसर्गिक’ अशा लज्जास्पद वर्तनाला सात वर्षांपर्यंत कैद आहे. शिवाय सैनिकांचे मूलभूत हक्क आवळण्याची मुभा राज्यघटनेच्या अनुच्छेद ३३ ने संसदेला दिली आहे. निकालानंतर चारच महिन्यांनी तेव्हाचे लष्करप्रमुख बिपिन रावत यांनी सांगून टाकलं होतं, की लष्करात हे चालू देणार नाही.

तरी घाबरून जाऊ नका. ‘अनैसर्गिक’ म्हणजे काय, याची व्याख्या त्या कायद्यात कुठेच नाही. सिव्हिलियन प्रौढाशी संमतीचं, ड्युटीबाहेरचं नातं जोहर निकालानंतर त्या शब्दात बसत नाही, हा युक्तिवाद मला भक्कम वाटतो. जिंकण्याची हमी मात्र देत नाही. (मित्र त्याच्याच युनिटमधला, हाताखालचा असता तर हे उत्तर मी वेगळं लिहिलं असतं.) कुणी कलम ४५ दाखवून दम देत असेल, तर ते अधिकारी, जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) आणि वॉरंट ऑफिसरना आहे, हवालदाराला नाही. कलम ६३, म्हणजे शिस्तभंग, मात्र लावता येतं.

चौकशीत त्याच्या चारित्र्याचा प्रश्न आला की आर्मी रूल १८० लागतो : पूर्ण वेळ हजर राहणं, साक्षीदारांना उलट प्रश्न विचारणं, स्वतःचे साक्षीदार आणणं. हे त्याने लेखी मागावं आणि प्रत जपून ठेवावी. तिथला जबाब पुढे कोर्ट मार्शलमध्ये, म्हणजे लष्करी खटल्यात, त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. बडतर्फीची नोटीस आलीच तर उत्तर वकिलाकडूनच लिहून घ्या. त्यानंतर कलम २६ खाली वरिष्ठांकडे तक्रार आणि मग सशस्त्र दल न्यायाधिकरण. बडतर्फ होऊन तो साताऱ्यात राहायला आला तर मुंबई खंडपीठात अर्ज करता येईल. अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत असते, ती चुकवू नका.

आता खासदार. नोकरीत असताना भावाने यात अजिबात पडू नये. राजकीय विषयावर जाहीर बोलायला आणि वृत्तपत्रांत लिहायला नियमच आडवे येतात. तुम्ही नागरिक आहात, तुम्ही जरूर लिहा. लोकसभेकडे रीतसर याचिकाही करता येते. मराठीत असेल तर हिंदी किंवा इंग्रजी भाषांतर सही करून जोडा. मागणी एकच ठेवा : कलम ४६ मधला ‘अनैसर्गिक’ हा शब्द काढा. तोच शब्द हवाई दलाच्या कायद्यातही आहे, तेही लिहा. ब्रिटनने सैन्यातली बंदी २००० साली उठवली, अमेरिकेने २०११ मध्ये, हे एका ओळीत येऊ द्या.

भावाची केस त्यात आणू नका, नाव नाही, युनिट नाही. नाहीतर बाहेरून वजन आणलं, हा नवा ठपका त्याच्यावर येईल. तुमचं सासरचं आडनाव वेगळं असेल तर फारच बरं.