मुंबईत एकट्या पुरुषाला डान्स क्लबमध्ये आत घेतात का? तिथे रात्र कशी जाते?

नागपूरहून कामासाठी येताय, शुक्रवारची रात्र मोकळी आहे, सोबत कोणी नाही आणि असल्या ठिकाणी कधी गेला नाहीत, असं तुम्ही लिहिलंय. खुशाल जा. आत गेल्यावर काही अवघड नसतं. खरी अडचण दारावर येते आणि नंतर घरी परतताना.

एकट्या पुरुषाला इथे 'स्टॅग' म्हणतात. शुक्रवार-शनिवारी बरेच क्लब स्टॅगला सरळ नाही म्हणतात, नाहीतर भरपूर कव्हर, म्हणजे आत जायचे पैसे, मागतात. मुलींना मात्र बऱ्याचदा फुकट. मला हे पटत नाही, पण बाउन्सरशी हुज्जत घालून कोणी आत गेल्याचं अजून तरी पाहिलेलं नाही. त्यामुळे दुपारीच फोन करून विचारा, स्टॅग एंट्री आहे का आणि कव्हरचे पैसे खाण्यापिण्यात वळते होतात का. होत नसतील तर दुसरा क्लब बघा. चपला आणि हाफ पँट नको. ओळखपत्र जवळ ठेवा, कारण महाराष्ट्रात बिअर-वाइनला वयाची 21 वर्षं लागतात आणि व्हिस्की-रमला 25.

घरी 'डान्स क्लब' सांगितलंत तर डान्स बार समजतील. 2005 साली सरकारने बंदी घातली होती ते बार वेगळे. इथे नाचायचं तुम्हीच.

मी बहुतेक वेळा लोअर परळला जातो. 1982 च्या गिरणी संपानंतर गिरणगाव हळूहळू संपलं आणि कमला मिल, तोडी मिलच्या आवारात ऑफिसं, हॉटेलं, पब आले. जिथे कुणाचे आजोबा साच्यावर उभे राहिले, तिथे नातू शंभराची बिअर पाचशेला पितो. असो. याच कमला मिलमध्ये 28 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्रीनंतर गच्चीवरच्या पबला आग लागून 14 जण गेले, त्यातले बरेच बाथरूममध्ये गुदमरून. तेव्हापासून कुठेही शिरलो की बाहेर पडायचं दुसरं दार आधी शोधतो. तुम्हीही शोधा.

साडेदहाला पोहोचलात तर फ्लोअर रिकामा दिसेल, निराश होऊ नका. उघड्या गच्चीवरचं संगीत दहाला बंद करावं लागतं, मग गर्दी आत सरकते आणि अकरानंतर पाय ठेवायला जागा उरत नाही. हिंदी, पंजाबी गाणी सुरू झाली की एकटं नाचणाऱ्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. डीजेच्या एका बाजूला उभं राहायचं. अनोळखी घोळक्यात घुसायचं नाही, त्यांनी ओढलं तर गोष्ट वेगळी. आपला ग्लास टेबलावर सोडून जाऊ नका. बिलात सर्व्हिस चार्ज लावला असेल तर काढायला सांगा, तो सक्तीचा नाही.

दीडला दिवे लागतात. शेवटची लोकल तोवर गेलेली असते आणि पहिली चारच्या सुमारास. वांद्रे-शीवच्या अलीकडे, शहराच्या बाजूला, रिक्षा नाहीत. अ‍ॅपवरच्या गाड्यांचे दर त्याच वेळी चढतात, म्हणून मी आधी एखाद्या गाडीवर भुर्जी-पाव खातो आणि मग काळी-पिवळी बघतो. मध्यरात्री बारा ते पहाटे पाच मीटरवर 25 टक्के जास्त द्यावे लागतात. त्याहून अधिक मागितले तर पुढची टॅक्सी.