एक आवर्तन

"मॅडम, आवड आहे हो, पण वेळच मिळत नाही." पुण्यात कर्वे रस्त्यावरच्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतं. कुणाचं गाणं सुटलेलं असतं, कुणाचं चित्र, कुणाचं कथक. म्हणून एका गृहस्थांची गोष्ट सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

वय ४८, नोकरी हिंजवडीत, जाण्यायेण्यात रोज तीन तास. आले होते चिडचिड होते, झोप नीट लागत नाही म्हणून. तिसऱ्या भेटीत निघालं की पूर्वी तबला वाजवायचे, मध्यमापर्यंतच्या परीक्षाही दिलेल्या. दर डिसेंबरला 'सवाई'ला, म्हणजे सवाई गंधर्व संगीत महोत्सवाला, जातात. "पण तिथून घरी आलो की जास्तच वाईट वाटतं."

"मग वाजवत का नाही?"

"रियाजाला सलग दोन तास पाहिजेतच. आणि हात पूर्वीसारखा पडलाच पाहिजे, नाहीतर बसूच नये."

मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसच्या विवेकनिष्ठ विचारसरणीतून काम करते. एलिसने १९५० च्या दशकात जे मांडलं, ते आपल्या मराठीत एका अक्षरात मावतं: 'च'. इच्छेला हा 'च' चिकटला की तिचा हट्ट होतो. त्यांची वाक्यं मी कागदावर लिहून पुढे सरकवली, प्रत्येक 'च'भोवती गोल काढून. ते बराच वेळ गप्प बसले. उजव्या हाताची तर्जनी मात्र खुर्चीच्या हातावर हलत होती. ना, धिं, धिं, ना. त्यांना पत्ताही नव्हता.

"तीनतालाच्या एका आवर्तनाला, सोळा मात्रांच्या एका फेरीला, किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"मध्यलयीत? दहा-बारा सेकंद."

"या आठवड्यात रोज तेवढंच."

"अहो, तबल्याची पुडी, वरचं चामडं, सैल पडून उतरलेली असेल."

"असू दे."

पुढच्या भेटीत दारातूनच म्हणाले, "एकावर थांबता येत नाही हो! समेवर येईतो पुढचं सुरू झालेलं असतं." पंधरा मिनिटं बसत होते. 'धिरधिर'सारखा जलद बोल निघत नव्हता, तरी उठत नव्हते.

तोवर मीसुद्धा ही तक्रार वेळापत्रक आखून सोडवू पाहायचे. त्या दिवशी उमगलं की वेळेच्या तक्रारीमागे पुष्कळदा लाज असते: विसाव्या वर्षीच्या हातापुढे आजचा हात ठेवायची. हे समजल्यावर माझी प्रश्न विचारण्याची रीतच बदलली, आणि त्याचा मला आनंद आहे.

२०१६ साली अमेरिकेतल्या ड्रेक्सेल विद्यापीठाने ३९ प्रौढांना ४५ मिनिटं माती, रंग, कागद दिले. सुमारे ७५ टक्के जणांच्या लाळेतलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं संप्रेरक, उतरलं. पूर्वी कला केलेली असण्या-नसण्याने फारसा फरक पडला नाही. अभ्यास छोटा आहे, पण हात बसला नाही म्हणून अडून राहणाऱ्यांना मी तो आवर्जून सांगते.

या गृहस्थांची झोप लगेच सुधारली नाही. आणखी सहा भेटी लागल्या. घरातला त्यांचा चढा आवाज मात्र आधी उतरला, असं त्यांच्या पत्नी म्हणाल्या.

तुमचंही काही सुटलं असेल, तर मोकळ्या रविवारची वाट पाहू नका. कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंतचा वेळ घ्या. महिनाभर कुणाला ऐकवू नका, दाखवू नका, मोबाइलवर टिपू नका. आणि वाद्य, वही, रंग जे असेल ते माळ्यावरून खाली काढा. त्यांचा तबला आता बैठकीच्या खोलीत, चुंबळीवर, चप्पल काढली की हाताशी येईल असा असतो.