दोन बोटं माया

“बाई, तो पैसे पुरून ठेवणारा तिसरा दास मीच आहे का?”

पर्स अजून खांद्यालाच होती. नगरच्या एका ख्रिस्ती मंडळीतल्या (चर्चमधल्या) या ताई, वय सत्तेचाळीस, घरी मशीनवर शाळेचे गणवेश शिवतात. (त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) जानेवारीत उज्जीवन सभा, म्हणजे विश्वास नव्याने जागवणारी सभा, झाली होती. बायबलमधल्या मत्तय २५ मध्ये येशूने सांगितलेला एक दाखला, म्हणजे बोधकथा, आहे: धनी परदेशी जाताना तीन दासांकडे पाच, दोन आणि एक हजार रुपये सोपवतो; पहिले दोघे ते दुप्पट करतात, तिसरा जमिनीत पुरून ठेवतो आणि बाहेरच्या अंधारात टाकला जातो. तो दाखला घेऊन वक्ते म्हणाले, “वर्षभरात एकही आत्मा प्रभूकडे आणला नसेल, तर तुम्ही रुपये जमिनीत पुरलेत, आणि तुमची जागा बाहेरच्या अंधारात आहे.” त्या रात्रीपासून ताईंची झोप उडाली. रोज पहाटे तीनला डोळे टक्क उघडे. मग त्यांनी धडपड सुरू केली. मोबाइलवर दिवसाला दहा-दहा वचनं पाठवली, पत्रकं वाटायला बायकांबरोबर गावोगाव फिरल्या. साक्ष द्यायला, म्हणजे आपला विश्वासाचा अनुभव सांगायला, उभ्या राहिल्या तर घशातून शब्द फुटेना. इकडे शिलाई रखडली आणि लग्नानंतर पहिल्यांदाच घरात पैशावरून वाद झाला.

हीच काळजी घेऊन माझ्याकडे खूप जण येतात. नर्सबाई, शाळेतले शिपाई, अंथरुणावरच्या सासूचं करणाऱ्या सुना. प्रश्न एकच: आमच्या हातून प्रभूसाठी मोठं काही झालं नाही, आमचं साधं जगणं म्हणजे आज्ञाभंग तर नाही ना?

पहिल्या भेटीत माझी चूक झाली. मी लगेच बायबलमधलं १ थेस्सलनी ४:११ हे वचन काढून दिलं. शांत राहावं, आपापलं काम करावं, स्वतःच्या हातांनी कष्ट करावेत, असं प्रेषित पौल तिथे सांगतो. त्यातला मूळ ग्रीक शब्द मानासाठी धडपडण्याचा आहे. म्हणजे लोक नावासाठी जेवढा आटापिटा करतात, तेवढा तुम्ही शांत जगण्यासाठी करा. हे सगळं मी मन लावून सांगितलं. ताईंनी मान डोलावली आणि आल्या तशाच गेल्या. घाबरलेल्या माणसाला एका वचनावर दुसरं वचन ठेवून दिलं की ओझं वाढतं, एवढं मला तोवर कळायला हवं होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही तोच दाखला उघडला, त्यांच्याच पवित्र शास्त्रातून, आणि त्यांनाच सावकाश वाचायला सांगितलं. पाच हजारवाल्याला धनी म्हणतो, “शाब्बास, भल्या व विश्वासू दासा.” त्या पुढे सरकल्या, दोन हजारवाल्यापाशी आल्या आणि थांबल्या. बोटाने परत वर गेल्या.

“दोघांना शब्द सारखेच आहेत की.”

“आणि तिसऱ्याने पैसे का पुरले?”

“घाबरला. धनी कठोर आहे म्हणाला.”

मी काहीच बोलले नाही. बराच वेळ गेला. मग त्या हळूच म्हणाल्या, “जानेवारीपासून मला पण देव तसाच वाटतोय.”

किती आत्मे आणले, हा हिशोब त्यांच्या दुखण्याचं मूळ नव्हताच. धन्याचं तोंडच त्यांना वेगळं दिसायला लागलं होतं. प्रार्थनेला बसलं की समोर मुकादम उभा. अशा वेळी आधी तो चेहरा पुन्हा पाहावा लागतो, सेवेचं नंतर. म्हणून पत्रकांची फेरी महिनाभर बंद ठेवायला सांगितली. रोज रात्री देवाजवळ फक्त दिवसभराचं बोलायचं, कोणाचं काय शिवलं ते.

पुढच्या भेटीत मी त्यांच्या घरच्यांविषयी विचारलं. पणजी दुष्काळातली पोर, केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबलचं मराठी भाषांतर तिथल्याच छापखान्यात छापलं जात होतं. रमाबाई १९२२ साली गेल्या. पणजी त्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, जुळवायची, असं आजी सांगायची.

“पणजीने किती जणांना प्रभूकडे आणलं?”

“ते कोणी मोजलं असेल!” म्हणाल्या आणि जानेवारीनंतर पहिल्यांदा माझ्यासमोर हसल्या.

मग मशीनचा विषय निघाला. पिशवीत एक शर्ट होता, तो त्यांनी उलटा करून दाखवला. बगलेपासून खालपर्यंत आत दोन बोटं माया, म्हणजे शिवणीतलं जादा कापड, ठेवलेली, खाली दुमडही रुंद. “ज्यांची परिस्थिती बेताची त्यांच्या लेकरांना अशी माया ठेवते. पुढच्या वर्षी उसवून वाढवता येतो, नवा घ्यायला लागत नाही.” कापड जास्त जातं, त्याचे पैसे त्या लावत नाहीत. घरात नवऱ्यालाही हे माहीत नव्हतं. डाव्या हाताला उजव्याचं कळू नये, हे वचन त्या संडे स्कूलपासून पाठ म्हणत आल्या होत्या. आपण ते पाळतोय हेच त्यांच्या ध्यानी आलं नव्हतं.

“पण दिवा मापाखाली ठेवू नये ना, बाई?”

प्रश्न खरा आहे, तो झटकून टाकायचा नाही. प्रभू तिथे म्हणतो की लोकांनी तुमची सत्कर्मं पाहून स्वर्गातल्या पित्याचं गौरव करावं. प्रेषित पेत्रही सांगतो, कोणी आशेचं कारण विचारलं तर सौम्यतेने उत्तर द्यायला तयार असा. म्हणजे विचारलं तर लपवायचं नाही. एका आईने त्यांना विचारलं होतं, एवढी माया कशाला? तेव्हा लाजून “असंच” म्हणाल्या होत्या. पुढच्या वेळी काय सांगाल, यावर आम्ही बोललो. त्यांनी स्वतःच वाक्य जुळवलं: “येशूने शिकवलंय, दुसऱ्याचं लेकरू आपल्यासारखं बघावं.” एवढं पुरे.

एक गोष्ट मात्र मी सोडली नाही. कपडे पुरवणाऱ्या दुकानदाराकडे दोन हंगामांची शिलाई थकली होती, ८,४०० रुपये. त्या मागत नव्हत्या. “नम्र राहावं ना,” म्हणाल्या. इथे मला ठाम बोलावं लागलं. नम्रतेच्या नावाखाली आपल्या बायका फार काही गिळतात, आणि मंडळीत त्याचं कौतुकही होतं. मला ते सहन होत नाही. मोशे पृथ्वीवरचा सगळ्यांत नम्र माणूस, असं बायबलमधलं गणना १२ सांगतं, आणि तोच मिसरच्या राजासमोर, फारोसमोर, उभा राहिला. प्रमुख याजकासमोर थप्पड बसली तेव्हा प्रभूनेही विचारलं, मला का मारतोस? त्याने उलट हात उचलला नाही, पण प्रश्न विचारला. देवापुढे वाकलेला माणूस दुकानदारापुढे सरळ उभा राहू शकतो.

ताई वही घेऊन गेल्या. आवाज न चढवता तारखा वाचून दाखवल्या. पाच हजार तिथेच मिळाले, उरलेले गणपतीनंतर देतो म्हणाला.

यंदाच्या उज्जीवन सभेनंतर त्यांचा फोन आला. मला धास्तीच वाटली.

“गेले होते बाई. गाणी छान झाली. मध्येच उठून आले, बारा पिनाफोर राहिले होते.”

“रात्री झोप लागली?”

“दीडला मशीन झाकली आणि पडले. सहाला नवऱ्याने उठवलं.”