गावी राहून घरूनच काम केल्याने काम आणि मन दोन्ही बिघडतात का?

यवतमाळजवळच्या गावी परतून कंपनीचे काम घरूनच करावे का, या आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, काम सहसा बिघडत नाही, मात्र एकटेपणा मनावर येतो आणि त्याची तजवीज आधीच करावी लागते. चीनमधील एका प्रवास कंपनीत अर्थशास्त्रज्ञ निकोलस ब्लूम व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात, आठवड्यातले ४ दिवस घरून काम करणाऱ्या कॉल सेंटर कर्मचाऱ्यांचे काम ९ महिन्यांत १३ टक्क्यांनी वाढले. तरीही नंतर त्यांतील सुमारे निम्मे जण कार्यालयात परतले, आणि त्यामागे एकटेपणा हे मोठे कारण होते. अर्थात, ते काम कॉलच्या संख्येवरून मोजता येण्याजोगे होते, त्यामुळे हा आकडा प्रत्येक नोकरीला लागू करू नये. सहभागासाठी घरी स्वतंत्र खोली असण्याची अटही होती, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर गेला की सारे घर कूलरच्या एकाच खोलीत येऊन बसते, आणि ऐन मीटिंगमध्ये ओसरीवरून हाक येते, ‘लाइन आली, घरीच तं हायेस, जरा वावरातली मोटर चालू करून ये.’ म्हणून कामाचे तास घरच्यांना आधीच सांगावेत आणि लॅपटॉप मिटल्यावर रोज पारावर चार माणसांत बसावे. उदासी दोन आठवड्यांहून अधिक टिकली, तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या निःशुल्क क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.