लोहारातला हार आणि अंधारातली धार

प्रश्न असा आला आहे: शब्दातून शब्द काढायच्या खेळात 'कारभार'मधून 'करभार' काढला तर चालतो का? समोरचा म्हणतो, काना टाकता येत नाही. आणि या खेळाला बरा मराठी शब्द कोणता?

समोरच्याचं बरोबर आहे. आपल्या लिपीत तुकडा पडतो तो अक्षराचा. 'का' हे एक अक्षर आणि 'क' हे दुसरं. 'का'चा काना उडवणं म्हणजे अक्षर काढणं नव्हे, अक्षर बदलणं. जोडाक्षरालाही तोच न्याय, 'राष्ट्र'मधला र सुटा मिळत नाही. अनुस्वार ज्याच्या डोक्यावर असेल त्याच्याबरोबर जातो. तेव्हा 'कार' घ्या, 'भार' घ्या, 'करभार' सोडा. काना गाळण्याचा मोहच होत असेल तर तो खेळ वेगळा खेळावा, त्याचं नाव मात्राच्युतक. सातव्या शतकात बाणभट्टानं कादंबरीत शूद्रक राजाच्या करमणुकी सांगितल्या आहेत. त्यात अक्षरच्युतक आणि मात्राच्युतक ही नावं वेगवेगळी आली आहेत. सोबत बिंदुमतीही आहे, म्हणजे व्यंजनांच्या जागी नुसते ठिपके, त्यांना लावलेल्या स्वरांच्या खुणा आणि तेवढ्यावरून श्लोक ओळखायचा. 'कारभार'चा एक काना गळला की 'करभार' उरतो, हे मात्राच्युतकाचं झकास उदाहरण आहे. दाद द्यावी, गुण देऊ नयेत.

नावाबद्दल. 'अंतर्लापिका' हा शब्द या खेळासाठी हल्ली सर्रास सुचवला जातो, आणि सुचवणाऱ्यांनी एकही अंतर्लापिका सोडवलेली नसते. ज्या कोड्याचं उत्तर कोड्याच्याच शब्दांत असतं ती अंतर्लापिका. जुना, कर्त्याचं नाव हरवलेला श्लोक आहे, त्यात विचारलंय: 'कं बलवन्तं न बाधते शीतम्', कोणत्या बलवानाला थंडी बाधत नाही? उत्तर शोधायला कुठे जायचं नाही, पहिले दोन शब्द जोडून वाचायचे. 'कंबलवन्तम्', ज्याच्याकडे कांबळं आहे त्याला! इथे एकही अक्षर काढलेलं नाही, फक्त शब्द तोडायची जागा बदलली. शब्दातून शब्द काढणं ही फार साधी गोष्ट आहे, तिला 'शब्दातले शब्द' म्हणा आणि मोकळे व्हा.

खरा राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. या खेळाला लोक व्युत्पत्ती म्हणू लागले आहेत. प्रत्येक सत्कार समारंभात कुणीतरी उठतो आणि 'शिक्षक' शब्दाची फोड करतो: शि म्हणजे शीलवान, क्ष म्हणजे क्षमाशील, क म्हणजे कर्तव्यनिष्ठ. टाळ्या. सासू म्हणजे सारख्या सूचना, हा निदान विनोद आहे आणि करणाऱ्याला ते ठाऊक असतं. (सासू आली श्वश्रूपासून. सून आली स्नुषेपासून.) शिक्षकवाल्यांना मात्र आपण भाषाशास्त्र सांगतोय असं वाटतं. आणि गंमत म्हणजे 'शिक्षक'मध्ये खरोखरच एक शब्द लपला आहे, तो यांना कधी दिसत नाही. तो आहे शक्, म्हणजे समर्थ असणे. त्याचं इच्छार्थक रूप शिक्षति, समर्थ होऊ पाहतो. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, शिक्ष् हा 'विद्या घेणे' या अर्थाचा स्वतंत्र धातू म्हणून दिला आहे. देऊ द्या. खुद्द पाणिनीच्या सूत्रानं शक् पासून तेच रूप तयार होत असताना दोन चुली कशाला मांडायच्या?

हा रोग जुना आहे आणि त्याचे पहिले आश्रयदाते थोर आहेत. निरुक्त या शब्दांची फोड सांगणाऱ्या प्राचीन ग्रंथात त्याचा कर्ता यास्क सांगतो की काही साम्य सापडत नसेल तर एखाद्या अक्षराच्या, नाहीतर वर्णाच्या साम्यावरून शब्द उलगडावा, पण उलगडायचं सोडू नये. ही तर परवानगीच झाली! शाकपूणी नावाच्या जुन्या आचार्यानं ती पुरेपूर वापरली. त्याच्या मते 'अग्नि' तीन धातूंतून बनला: अ आला इ म्हणजे जाणे यातून, ग आला अञ्ज् किंवा दह् यातून, आणि नि आला नी म्हणजे नेणे यातून. अञ्ज् किंवा दह्, कुठलाही चालेल, एक ग मिळाल्याशी कारण. लॅटिनमध्ये आगीला इग्निस म्हणतात, तिकडे हे तीन धातू एकत्र प्रवास करून गेले होते काय? त्या काळीही गार्ग्य नावाचा एक शहाणा म्हणत होता की सगळी नामं धातूंतून काढता येत नाहीत. यास्कानं त्याचं म्हणणं नोंदवलं आणि खोडून काढलं. मी गार्ग्याच्या बाजूचा.

आता मला जे सांगायचं आहे ते. माझा सिद्धांत असा की मराठी शब्दात जो लहान शब्द ठसठशीत दिसतो तो बहुतेक वेळा उपरा असतो. खरा शब्द दोन शब्दांच्या सांध्यात चिरडलेला असतो.

लोहारात 'हार' दिसतो, सोनारात 'नार', कुंभारात 'भार'. तिन्ही खोटे. लोहकार, सुवर्णकार, कुंभकार हे मूळ शब्द, म्हणजे तिन्हींत 'कार' आहे, आणि तोच दिसत नाही. वररुचीनं प्राकृतप्रकाश या प्राकृत भाषेच्या व्याकरणात नियम सांगून ठेवला आहे की क, ग, च, ज, त, द, प, य, व हे वर्ण शब्दाच्या मध्ये आले की बहुधा गळतात. 'कार'चा क गेला, उरला 'आर', तो मागच्या अक्षराला चिकटला आणि हार, नार, भार असे तोतये उभे राहिले.

अंधाराचीही गोष्ट तीच. अंधकारातला क गेला आणि 'अंधार'मध्ये 'धार' चमकू लागली. ती धार नव्हेच, अंधचा ध आणि कारचा आर. मग खरी धार कुठे? ती सुताराकडे! सुतार म्हणजे सूत्रधार, मापाचं सूत धरणारा. प्राकृतात त्याचा सुत्तहार झाला, ध चा ह झाला, पुढे ह सुद्धा गेला आणि वर तरंगत राहिली 'तार'. म्हणजे 'धार' आपल्याला दिसते अंधारात, जिथे ती नाही, आणि आहे सुतारात, जिथे ती दिसत नाही. ही जोडी मी भेटेल त्याला ऐकवतो. काही जण आता मला टाळतात.

माहेरात 'हेर' आहे, असं सांगणाऱ्यांना मातृगृहातलं घर दिसत नाही. देवळाचं प्रकरण याहून लबाड आहे. 'देऊळ' म्हणजे देवकुल, पण देऊळमधून 'देव' काढता येत नाही, 'दे' नंतर लगेच ऊ येतो. 'देवळात' म्हटलं की देव हजर. भाविकांनी लगेच हात जोडू नयेत. हा व देवाचा आहे असं खात्रीनं म्हणता येत नाही, कारण सामान्यरूपात ऊ चा व एरवीही होतो. राऊळ घ्या. ते राजकुलातून आलं, त्यात व नव्हताच, तरी आपण 'रावळात' म्हणतो. (राव हाही राजाचाच वंशज, पण त्याचा या व शी संबंध नाही.)

सिद्धांताला एक अपवाद आहे आणि तो मला सगळ्यात आवडतो. 'नवरा'. यातला 'नव' अगदी उघड दिसतो आणि खराही आहे, मूळ शब्द नववर, म्हणजे नवा वर. दोन व शेजारी आले, जिभेनं एक उडवला. उरलेला व 'नव'लाही लागतो आणि 'वर'लाही. खेळाच्या नियमानं एक अक्षर एकदाच वापरता येतं, शिवाय रा चा काना आडवा येतो, म्हणून 'नवरा'मधून 'वर' काढला तर तुमचा समोरचा हरकत घेईल आणि त्याला ती घेऊ द्यावी लागेल. 'नवरी'तही तोच वर आहे. 'नवरा'ला ई लावून तिचा शब्द तयार केला, वधूला विचारलंच नाही कुणी.