अंघोळीला नेलं की आजोबा हात उगारतात

प्रश्न : मी सांगलीत एका वृद्धाश्रमात मावशी म्हणून काम करते. आमच्याकडच्या एका आजोबांना विस्मरणाचा आजार आहे. पूर्वी त्यांची हळदीची अडत होती. एरवी शांत असतात, पण अंघोळीसाठी कपडे काढायला गेलं की शिव्या देतात. परवा माझं मनगट पिरगळलं. साहेब म्हणतात, दोघींनी धरा आणि उरका. काय करू, सिस्टर?

उत्तर : धरून अंघोळ अजिबात घालू नका. त्या झटापटीत ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं, तर साहेब नाही, तुम्हीच तोंडघशी पडाल.

हे दोन-चार दिवसांतच वाढलंय का? मग आधी डॉक्टरांना बोलवा. म्हातारपणी लघवीचा जंतुसंसर्ग, बद्धकोष्ठ, कमी पाणी किंवा एखादी नवी गोळी एवढ्यानंही माणूस एकाएकी बिथरतो.

जुनंच असेल, तर त्यांच्या कोपरीचा खिसा आठवा. जन्मभर अडतीवर बसलेला माणूस; खिशाला परक्याचा हात लागला की त्यांच्या लेखी तुम्ही चोरच. एक कापडी पिशवी द्या. खिशातलं त्यांचं त्यांना तिच्यात ठेवू द्या आणि पिशवी अंघोळ होईपर्यंत त्यांना दिसेल अशी खुंटीला अडकवा. मिरजेत वॉर्डात असताना अशा पिशवीनं माझं बरंच काम सोपं केलंय.

समोरून जा, घरच्या नावानं हाक मारा. पाणी आधी हातावर घालून दाखवा, मग पायांवर. डोक्यावर एकदम तांब्या नको. पंचा कमरेला राहू दे. दाराला आतून कडी लावू नका आणि दार तुमच्या पाठीशी ठेवा. बांगड्या काढा, ओढणी खोचा, मंगळसूत्र आत.

हात धरलाच तर हिसडा देऊ नका, म्हाताऱ्यांची कातडी लगेच सोलते. त्यांच्या अंगठ्याच्या बाजूनं मनगट हळूच वळवून सोडवा, दोन पावलं मागे व्हा. वाद घालायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांनी परत जा, नाहीच जमलं तर अंग पुसून घ्या. एक दिवस अंघोळ नाही झाली म्हणून काही बिघडत नाही.

साहेब आता गुंगीच्या गोळीचं काढतील. डिमेन्शियाच्या, म्हणजे या विस्मरणाच्या आजाराच्या, रुग्णांत अशा काही औषधांनी पक्षाघाताचा आणि मृत्यूचा धोका वाढतो; तो निर्णय डॉक्टरांचाच. आजोबा केव्हा, कशावरून चिडले ते वहीत लिहा आणि डॉक्टरांना दाखवा. सल्ल्यासाठी १४४१६ हा टेली-मानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा, सरकारी नंबर मोफत आहे.

आणि मनगट अजून सुजलेलं असेल तर एक्स-रे काढा. कामावर झालेली इजा आहे, खर्च आश्रमाकडे मागा.